गाडी बिघडनी का?

सायकलवाल्याला सल्ला देणं हा आमच्या खान्देशात प्रत्येकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि यात दोष असलाच तर सायकलवाल्याचाच. तो जातोच मुळी ऐकू येण्याच्या वेगाने. मोटारसायकलवाल्याला काही सांगायला तोंड उघडावं, तोवर तो पांझरेचा पूल ओलांडून गेलेला असतो. सायकलवाला वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरच असतो. शिवाय उलट उत्तर द्यायला त्याच्याजवळ श्वास नसतो. पहाटे धुळ्याच्या देवपुरातून लळिंगच्या किल्ल्याकडे निघालेल्या, हेल्मेटबिल्मेट घातलेल्या पन्नाशीच्या गृहस्थालाही चहाच्या टपरीवरून कोणीतरी कळवळून विचारतं, "काय भाऊ, गाडी बिघडनी का?" हौसेने कोणी पायडल मारत असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. एकेकाळी हेडमास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच दोन चाकांवर होते, गावोगावच्या नगरपालिका सायकलवर कर घेऊन पितळी बिल्ला देत, आणि बिनदिव्याची सायकल दिसली की पोलीस शिट्टी मारत. आता सायकल म्हणजे एकतर अडचण, नाहीतर डॉक्टरांचा आदेश.

सल्ले मात्र ऐकावेत. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा बागायतदार रुमाल कानांवरून घट्ट बांधणं आणि नऊच्या आत घरी परतणं यापलीकडे शहाणपण नाही. खिशात कांदा ठेवण्याविषयी मी मत देत नाही. तो उन्हापासून वाचवतो की नाही ठाऊक नाही. लोकांपासून नक्की वाचवतो.

सगळ्यांत जुना वाद हवेचा. उन्हाळा लागला की आमचा मिस्त्री हवा कमी भरतो. ट्यूब फुटेल म्हणे. मी एकदा त्याला कागदावर मांडून दाखवलं, की पहाटे 25 अंशांत भरलेली 40 पौंड हवा दुपारी 45 अंशांत फार तर 44 होते, आणि धड टायरला तेवढं काहीच नाही. उलट हवा कमी असली की सायकल जड चालते, आणि खड्ड्यात रिमची कड ट्यूबला चावते. उन्हात खरा दगा देतात ती जुनी ठिगळं आणि व्हॉल्व्हवरची रबरी नळी. त्याने तो कागद मन लावून पाहिला, त्या कागदानेच हाताचं ग्रीस पुसलं आणि म्हणाला, "सर, तुमचं बरोबरच असेल. पण ट्यूब कुठे शाळेत गेलीय?"

त्याच्या हातांशी मात्र वाद घालता येत नाही. फुगवलेली ट्यूब घमेल्यातल्या गढूळ पाण्यात बोटाबोटाने पुढे सरकते आणि एका जागी बारीक बुडबुडे वर येतात, झोपेत हसणाऱ्या तान्ह्या बाळाच्या ओठांवर यावेत तसे. तिथे तो नख रोवून खूण धरतो, पुसून कोरडं करतो, कानशीने घासतो, सोल्यूशन लावून फुंकर मारतो आणि ते सुकेपर्यंत गप्प राहतो. मग नवशिके हमखास विसरतात ते करतो: टायरच्या आतून अंगठा सावकाश फिरवतो. काटा आत राहिला, तर नवी कोरी ट्यूबही पुढच्या चौकापर्यंत टिकत नाही. निघतो तो बहुधा सराटा, नाहीतर बाभळीचा काटा. तो तळहातावर ठेवून आधी मला दाखवतो आणि मग रस्त्यावर न फेकता घमेल्यामागच्या डब्यात टाकतो. "दुसऱ्या कोणाला लागायला नको." पंक्चर काढून पोट भरणाऱ्या माणसाचं हे धोरण धंद्याला मारकच म्हणायचं.

धुळ्याचं प्रकरण वेगळं. कॅप्टन ब्रिग्जने 1819च्या सुमारास तिथली नवी पेठ सरळ रेषांत आखली. तिथल्या गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. सरळ गल्लीत वळणं नसतात, पण आडवे रस्ते असतात, आणि आडवा येणारा घंटी ऐकत नाही. तिथे बोटं ब्रेकवरच हवीत. शिवाय वारा! साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडी हा वारा पश्चिमेकडून सुटतो. त्यात जळगाव समुद्रसपाटीपासून 209 मीटरवर, तर धुळे 250च्या आसपास. म्हणजे एरंडोल, पारोळा, फागणे करत धुळ्याला जाणारा नव्वदेक किलोमीटर चढही चढतो आणि वाराही छातीवर घेतो. येणाऱ्याला तोच रस्ता उतरता, वारा पाठीशी. म्हणून धुळेकर म्हणतात जळगाव जवळ आहे, आणि आम्ही म्हणतो धुळे लांब. दोघंही खरंच बोलतात.

तेव्हा जूनमध्ये बेत असेल, तर टपावर जागा असलेली एसटी बघून सायकल आधी धुळ्याला न्या आणि तिथून पहाटे पाचला इकडे निघा. पंप आणि जास्तीची ट्यूब बरोबर असू द्या. वाटेत बाभळी पुष्कळ आहेत.