ग्राफिक्स कार्ड, फक्त अभ्यासासाठी

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक नवा शैक्षणिक खर्च उगवतो. त्याचं नाव ग्राफिक्स कार्ड. "बाबा, इंजिनिअरिंगला लागतंच. मशीन लर्निंगला लागतं." मशीन लर्निंग म्हणजे काय हे बाबांना माहीत नसतं, चिरंजीवांनाही फारसं नसतं, त्यामुळे मतभेद होत नाहीत. बजेट ठरतं साठ हजार, पैकी चाळीस कार्डाचे. उरलेल्या विसांत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट बसवायचं. कॅबिनेटचे रंगीत दिवे मात्र कमी करता येत नाहीत. अभ्यासाला उजेड लागतो.

मग स्वारी लॅमिंग्टन रोडला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण त्या नावाने रस्ता विचारणाऱ्याकडे मुंबईत संशयाने बघतात.) दुकानदार बाबांचा चेहरा वाचतो आणि चिरंजीवांशी बोलतो. "फ्यूचर प्रूफ घ्या सर." भविष्याची हमी देणारा हा गृहस्थ वर्तमानातली एक गोष्ट विचारल्याशिवाय सांगत नाही. एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स 5060 टीआय या एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात. एकात 8 जीबी मेमरी, दुसऱ्यात 16. चिप तीच, नाव तेच. नव्या खेळात सेटिंग चढवलं की 8 जीबी भरते, उरलेला माल कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो, आणि तिथून ये-जा करताना खेळ ऐन लढाईत अडखळतो. तिची स्पर्धक एएमडी तरी मागे का राहील? आरएक्स 9060 एक्सटी घ्या, तिथेही 8 आणि 16.

एनव्हिडियाने सप्टेंबर 2022 मध्ये 4080 नावाचीही अशीच दोन कार्डं जाहीर केली होती. त्यांत तर चिपही वेगवेगळी होती. लोकांनी नावं ठेवली, तेव्हा कंपनीने 12 जीबीवाल्याचं नाव मागे घेतलं आणि जानेवारी 2023 मध्ये ते 4070 टीआय म्हणून बाजारात आणलं. त्यातून कंपनी काही शिकली म्हणावं, तर 5060 टीआय समोर आहेच.

खरी कमाल जानेवारी 2025 ची. लास व्हेगासच्या मंचावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की, 549 डॉलरचं 5070 हे 1,599 डॉलरच्या 4090 इतकं काम करेल. कसं? तर चारातलं एकच चित्र खेळ तयार करतो, मधली तीन एआय अंदाजाने भरतं. स्क्रीनवर फ्रेम्सचा आकडा चौपट दिसतो, बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद मात्र वाढत नाही. कागदावर विहीर खोदून अनुदान उचलण्याची कला आपलीच, असा आमचा समज होता. पण आपल्या विहिरीत निदान बेडूक तरी दाखवत नसत.

एवढं सगळं समजून, पटवून, ईएमआयवर कार्ड घरी येतं. कॅबिनेट चमकू लागतं. आणि चिरंजीव सुरू करतात व्हॅलोरंट नावाचा खेळ, जो ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवरही चालतो. कार्ड सेकंदाला अडीचशे चित्रं काढतं. बाबांचा जुना मॉनिटर 60 हर्ट्झचा, तो साठच दाखवतो. बाकीची कुठे जातात, हे विचारायचं बाबांना सुचत नाही. त्यांना वाटतं, मशीन लर्निंगला लागत असतील.

तेव्हा पालकहो, दुकानात जाण्याआधी चार गोष्टी वहीत उतरवा: मॉनिटरचं रिझोल्यूशन, त्याचे हर्ट्झ, एसएमपीएसचे वॉट आणि कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटरचं कार्ड मावतं. मुलगा नक्की कोणता खेळ खेळतो, तेही विचारा. अभ्यासाचं सोंग एक दिवस बाजूला ठेवा. 1080पी वर जुनेच खेळ असतील तर 8 जीबी पुरे, नवे मोठे खेळ असतील तर 16 ला पर्याय नाही. आणि 'जीएसटी वाचवून देतो' या प्रेमाला भुलू नका. पक्कं बिल घ्या, त्यावर कार्डाचा सीरिअल नंबर लिहून घ्या. वॉरंटी मागायला गेलात की पहिल्यांदा तोच विचारतात.