आप्त अडकलेत

"सर, जागे का? आप्त अडकलेत."

२०२०चा जुलै, पहाटेचे पावणेसहा. भोरात पावसानं झोड उठवलेली, रात्रीतून वीज तीनदा गेलेली. फोन स्पीकरवर टाकून बोलायची मला वाईट खोड आहे. पलीकडून भाऊसाहेब पुढं सांगत होते, "कुलूप उघडत नाही म्हणतंय. परवानगी नाकारलीय. वर मलाच विचारतंय, तुम्ही मूळ मालक का?"

बायको ताडकन उठून बसली. तेव्हा टाळेबंदी होती. जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर ई-पास लागायचा. "कोण अडकलंय? वरंध्यात का? घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो, पास काढला नसेल मेल्यांनी." बोलता बोलता ती थर्मास शोधायला लागली.

"अगं, भाऊसाहेबांचे आप्त," मी म्हणालो.

ती तशीच आडवी झाली. "सूड घ्यायला विसरले असतील. सांगा त्यांना," म्हणाली आणि पांघरूण ओढून घेतलं.

माझ्या बायकोला कॉम्प्युटर कुठून चालू करतात ते आजही ठाऊक नाही. पण निदान तिचंच बरोबर निघालं.

भाऊसाहेबांसारखा माणूस तुमच्याही शेजारी आहे, ओळख करून देण्याची गरज नाही. पेन्शनची फाईल मार्गी लागली, मोतीबिंदू झाला, मुलगी दिल्या घरी सुखी आहे. आता या माणसाच्या हातात दिवसाचे सोळा तास आहेत आणि त्यातले चार तुमचे आहेत. कुणी मोडी शिकतो, कुणी होमिओपॅथी. आमच्या भाऊसाहेबांनी लिनक्स घेतलं. तेहेतीस वर्षं तलाठी म्हणून काढलेला माणूस. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांबाहेर त्यांची बदली कधी झाली नाही. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि वेल्हे तालुक्याला राजगड. भाऊसाहेब दोन्ही मान्य करतात आणि दोन्ही वापरत नाहीत.)

सुरुवात भाच्यामुळं झाली. तो हिंजवडीला नोकरीला. टाळेबंदीत मामाकडं येऊन पडला आणि घरून काम करू लागला. भाऊसाहेबांकडं एक जुना लॅपटॉप होता, एक जीबी रॅमचा. त्यातल्या विंडोज सेव्हनचा आधार कंपनीनं १४ जानेवारी २०२० रोजी काढून घेतला होता. तसाही तो सुरू व्हायला लागला की भाऊसाहेब आंघोळ आणि पूजा उरकून येत. भाच्यानं पेनड्राइव्हवरून त्यात अँटीएक्स नावाचं लिनक्स टाकलं. ग्रीसमधल्या एका माणसानं सुरू केलेलं हे हलकंफुलकं लिनक्स २५६ एमबी रॅमच्या म्हाताऱ्या मशीनवरही चालतं, असं त्याचे कर्ते सांगतात. भोरातल्या नेटवर मोठी फाईल उतरेना म्हणून भाच्यानं त्यातली 'बेस' आवृत्ती घेतली. मोठ्या आवृत्तीत लिबरऑफिस आयतं येतं, बेसमध्ये येत नाही. "एक ओळीची कमांड आहे मामा, टाकून घ्या," असं सांगून भाचा वरच्या खोलीत मीटिंगला गेला.

ती एक ओळ म्हणजे 'सुडो आप्त इन्स्टॉल लिबरऑफिस'.

इंग्रजीत ते 'सुडो' आणि 'एपीटी' आहे. सुडो म्हणजे, पुढचं काम मालकाच्या अधिकारानं कर. एपीटी म्हणजे नवं सॉफ्टवेअर कोठारातून आणून जागेवर बसवणारा गडी. डेबियन नावाच्या लिनक्सच्या घराण्यात तो गेल्या शतकाच्या अखेरीला कामाला लागला आणि अँटीएक्स त्याच घराण्यातलं. पण भाऊसाहेबांनी ती ओळ आपल्या लांब वहीत, तलाठ्याच्या गोल अक्षरात, देवनागरीत उतरवून घेतली : 'सूडो आप्त'. तेहेतीस वर्षं भावकीच्या वाटण्या नोंदवलेल्या माणसाला ते वाचून जराही नवल वाटलं नाही. "बरोबरच आहे," म्हणाले, "सूड आधी, आप्त नंतर. आमच्याकडं सगळे अर्ज याच क्रमानं यायचे."

त्या पहाटे ते सूड घ्यायलाच विसरले होते. सुडो न लिहिता एपीटीला हाक मारली की तो कुलूप दाखवतो, परवानगी नाकारतो आणि 'आर यू रूट' असं विचारतो. रूटचं भाषांतर 'मूळ मालक' करणारा माणूस तलाठीच असू शकतो. आणि माझं म्हणणं असं की याहून चांगलं भाषांतर अजून झालेलं नाही.

सुडो लिहिल्यावर पासवर्ड आला. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, चांदणीसुद्धा नाही. मागं उभा राहिलेल्याला अक्षरं किती तेही कळू नये, म्हणून. पण ज्यानं जन्मभर शाई उमटलेली बघून मगच सही खरी मानली, त्याच्या दृष्टीनं हा कोरा कागद होता. त्यांनी पासवर्ड एकदा लिहिला, उमटला नाही; पुन्हा लिहिला, उमटला नाही; असा सलग अकरा वेळा लिहून एंटर दाबलं. मशीननं 'सॉरी, ट्राय अगेन' म्हटलं. "सर, माफी मागतंय," त्यांनी मला फोनवर सांगितलं. आवाजात समाधान होतं.

पुढचा अडसर मराठीचा. इन्स्टॉल करण्याआधी एपीटी सगळी यादी वाचून दाखवतो, एवढे एमबी उतरवीन, एवढी जागा खाईन, आणि विचारतो : पुढं जाऊ का, वाय की एन? भाऊसाहेबांनी वाय दाबलं. पण कळफलक इनस्क्रिप्ट मराठीवर होता आणि त्यात वायच्या जागी 'ब' बसतो. एपीटीनं 'ब' वाचलं आणि 'ॲबॉर्ट' म्हणून काम टाकून दिलं. असं चार दिवस चाललं. चार दिवस भाऊसाहेब मशीनला 'ब' म्हणत होते आणि मशीन पाठ फिरवत होतं.

आणि ती यादी! भाऊसाहेबांनी एक लिबरऑफिस मागितलं, तर पाठोपाठ पॅकेजांची ही रांग. फॉन्ट, शुद्धलेखन, जावाचे तुकडे, ज्यांची नावं ऐकली नाहीत असे. "एकाला आवतण दिलं की भावकी चुलीसकट येते," म्हणाले. तरी त्यांनी ती सगळी वहीत उतरवून घेतली. वहीला त्यांनी गावनमुन्यांसारखे भाग पाडले होते. जे पॅकेज बसलं त्याची नोंद नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात. ज्यात एरर आला ते सहा-अ मध्ये, विवादग्रस्त. मराठी मेनूचं पॅकेज महिनाभर सहा-अ मध्ये होतं. त्याच्या नावात 'एल१०एन' असं येतं. लोकलायझेशन या इंग्रजी शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर, मधे गाळलेल्या दहा अक्षरांची संख्या. भाऊसाहेब एलच्या जागी एकचा आकडा दाबत. मशीन म्हणे, पॅकेज सापडत नाही. वहीत नोंद : 'समक्ष चौकशी केली असता सदर आप्त मिळून आले नाही.'

लिबरऑफिसची कुळकथा मीच त्यांना एकदा सांगायला गेलो, तर त्यांनी ती मधेच माझ्याकडून काढून घेतली आणि फेरफार वाचावा तशी वाचली. मूळ धारणा एका जर्मन कंपनीची, नाव स्टारऑफिस. १९९९ मध्ये खरेदीखतानं सन मायक्रोसिस्टिम्सकडं. सननं २०००मध्ये गावाला खुलं केलं, नाव ओपनऑफिस. २०१०मध्ये सनलाच ओरॅकलनं घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कसणारे बाहेर पडले, वेगळी चूल मांडली, नाव लिबरऑफिस. "म्हणजे जमीन तीच, कसणारे तेच, फक्त सातबाऱ्यावर नाव पालटलं," ते म्हणाले. "आणि पैसे कुणीच मागत नाही? सर, यात कुठंतरी बोजा असणार. इतर हक्क बघा."

डेबियनची गोष्ट मात्र त्यांना आवडली. इयान मर्डॉक या तरुणानं १९९३ मध्ये ते सुरू केलं आणि मैत्रीण डेब्रा हिचं नाव आपल्या नावाला जोडलं. पुढं लग्न झालं, नंतर काडीमोडही झाला, नाव राहिलं. भाऊसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सहहिस्सेदार." आणि भाच्यानं त्यांना 'आप्त मू' शिकवलं तो दिवस तर विसरता येत नाही. ही कमांड दिली की पडद्यावर अक्षरांची गाय उभी राहते आणि विचारते, आज हंबरलात का? हे खरं आहे, एपीटीच्या कर्त्यांनीच केलेली ही गंमत. दोन महिने भाऊसाहेब रस्त्यात भेटले की नमस्काराऐवजी हाच प्रश्न. एसटी स्टँडसमोर मला असं विचारल्यावर एका माणसानं मास्क काढून आमच्याकडं बघितलं होतं.

आता खरं सांगायचं तर, हे सगळं बघताना मला आत कुठंतरी गार वाटत होतं. माझे वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी मी याच भाऊसाहेबांच्या चावडीवर सात खेपा घातल्या होत्या. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला मूळ हवा होता. दुसऱ्या खेपेला झेरॉक्स हवी होती. तिसऱ्या खेपेला ते सजेवर नव्हते, चौथ्या खेपेला होते पण जेवायला गेले होते. नंतरच्या खेपांना सर्व्हर डाऊन होता. माझ्यापुढं कानंद खोऱ्यातली एक म्हातारी ओसरीवर बसलेली असायची, पिशवीत कागद आणि भाकरी घेऊन. तिच्या खेपा मी मोजलेल्या नाहीत. आणि आता तोच माणूस मशीनसमोर हात जोडून बसायचा, आणि मशीन म्हणायचं : मूळ मालक का? परवानगी नाही. सापडत नाही. पुन्हा प्रयत्न करा. मी मनातल्या मनात म्हणायचो, आजी, सूडो.

ऑगस्टच्या शेवटी लिबरऑफिस एकदाचं बसलं. मला चहाला बोलावलं. मेनू मराठीत आलेला. ते बघताना भाऊसाहेबांचा चेहरा असा की हा मेनू त्यांच्याच शेतात पिकलाय. मग त्यांनी पेनड्राइव्ह लावून एक जुनी फाईल उघडली आणि चेहरा पडला. फाईल कृतिदेव फॉन्टमधली. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात; फॉन्ट नसला की पोट उघडं पडतं. 'श्रीमान' हवं तिथं जे, एच, ई, के, यू. पानंच्या पानं तशी.

"कसली फाईल?" मी विचारलं.

"आप्तांची," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

यादी होती. त्यांच्या आजोबांचं घर भाटघरच्या पाण्यात गेलं, १९२०च्या दशकात पुरं झालेल्या लॉईड धरणात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं देऊळ बाहेर येतं, तेवढं लोकांना माहीत. त्याच्या आसपासची घरं बाहेर येत नाहीत. आणि पुढं नीरा-देवघरच्या वेळी, नातू तलाठी झालेला असताना, हिर्डोशी खोऱ्यातल्या घरांचे पंचनामे त्यानंच लिहिले : दोन खणी घर, मातीच्या भिंती, आंब्याची झाडं तीन. दोन्ही धरणांतून उठलेली माणसं कुठं कुठं गेली, कुणी मुंबईला माथाडीत, कुणी डबे पोचवायला, कुणी खाली कालव्याच्या गावांत, ते हा माणूस निवृत्तीनंतर फोन करकरून टिपत होता. नाव, मूळ घर, आता कुठं, हयात की मयत. म्हणून त्याला ऑफिस हवं होतं. मला इतके दिवस वाटत होतं, वेळ जात नाही म्हणून.

कृतिदेवचं युनिकोड करून देणारी साधनं असतात, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. वहीचं नवं पान काढलं आणि पहिल्या नावापासून पुन्हा टाइप करायला घेतलं, एका बोटानं, इनस्क्रिप्टमध्ये. अधूनमधून कुणाला तरी फोन लावून, "तुमच्या चुलत्यांचं नाव काशिनाथच ना? 'शि' पहिली का दुसरी?" असं विचारत. शासकीय दप्तरात त्यांनी असं कुणाला कधी विचारलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

एपीटीची एक सवय आहे. पूर्वी कशाच्या तरी सोबत आलेली, आता कुणालाच नको असलेली पॅकेजं पडून असली की तो सांगतो, यांची गरज उरलेली नाही, 'ऑटोरिमूव्ह' म्हणा, काढून टाकतो. भाच्यानं दोनदा सांगितलं, मीही सांगितलं, जागा मोकळी होईल. भाऊसाहेब ती कमांड देत नाहीत. "असू दे पडून," म्हणतात. "एकदा काढलेत."

यादीत आता दोन्ही धरणांची मिळून सव्वाचारशे नावं आहेत. तीन घरं अजून लागत नाहीत. ती सहा-अ मध्ये आहेत. तुमच्या घरात कुणी भाटघरच्या किंवा देवघरच्या बुडितातलं असेल, तर भोरच्या स्टँडवर उतरून लिनक्सवाले भाऊसाहेब कुठं राहतात ते विचारा, कुणीही सांगेल. पहाटे पावणेसहानंतर कधीही जा. फक्त जुना लॅपटॉप सोबत नेऊ नका.