हिमनिर्णयसिंधू

कमलाकरभट्टांनी 1612 साली 'निर्णयसिंधू' पुरा केला आणि एकादशी कुठली धरावी, तिथी दोन दिवसांत विभागली तर श्राद्ध कधी करावे, अशा बहुतेक सांसारिक पेचांचा निकाल लावून टाकला. एक पेच तेवढा राहिला. समुद्रसपाटीपासून जेमतेम 39 मीटर उंचीवर, बडोद्याच्या प्रतापनगरात राहणाऱ्या, रेल्वेच्या नोकरीतल्या मराठी कुटुंबाला पंधरा वर्षांची मुलगी घेऊन स्कीइंगच्या गावी बिऱ्हाड हलवायचे असेल, तर गाव कोणते धरावे? याबाबत धर्मशास्त्र मुके आहे आणि रेल्वेचे बदलीचे नियमही मुके आहेत. ती उणीव प्रस्तुत प्रबंध भरून काढतो. विषय थिल्लर वाटला तर वाचकाने स्थळमाहात्म्य ध्यानात घ्यावे. चिं. वि. जोशी याच शहरातल्या बडोदा कॉलेजात पाली शिकवीत आणि उरल्या वेळात चिमणरावाच्या फजित्या लिहून काढीत. विद्वत्ता आणि फजिती यांचा शेजार इथे जुना आहे.

प्रथम वादी कोण ते सांगणे भाग आहे. वादी आमची कन्या. ती घरी मराठीत, मैत्रिणींशी गुजरातीत, शाळेत इंग्रजीत आणि रिक्षावाल्याशी हिंदीत भांडते आणि चारही आघाड्यांवर जिंकते. प्रतापनगरच्या ओव्हरब्रिजवर सायकल चढवायची, माथ्यावर पॅडल थांबवायचे, गुडघे किंचित वाकवून सीटवरून उठायचे आणि उतार संपेपर्यंत ब्रेकला बोट लावायचे नाही, हा तिचा रियाज. बडोदे पडले सपाट. उतार म्हणावा असा आमच्या बाजूला हाच, तोही सरकारी खर्चाने बांधलेला. फोनवर कुठल्याशा परदेशी पोरी बर्फावरून सुसाट येताना पाहून तिने जेवता जेवता जाहीर केले, "बाबा, आपण डोंगरात राहायला जाऊ या. इथे नुसतं उकडतं."

आजीने विचारले, "कुठल्या डोंगरात? पावागडावर?"

पावागडावर 1986 पासून रोपवे आहे, देवी आहे, वर लिंबूसरबत मिळते. आजीच्या मते विषय इथेच मिटत होता. शास्त्राला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही.

आता लक्षणविचार. स्कीइंगचे गाव कशाने होते? उंचीने, असा पूर्वपक्ष आहे. तो टिकत नाही. युरोपातले दावोस 1560 मीटरांवर आहे आणि आपले कळसूबाई 1646 मीटर. अबूचे गुरुशिखर तर 1722. पहिले हिवाळी ऑलिंपिक 1924 साली ज्या शामोनीत झाले, ते गाव 1035 मीटरांवर. म्हणजे महाबळेश्वराहून खालीच. तरी शामोनीत बर्फ पडतो आणि महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी. तेव्हा उंची हा हेतू नैयायिकांच्या भाषेत अनैकान्तिक ठरला. अक्षांशाची जोड दिल्याशिवाय तो काही सिद्ध करत नाही, आणि अक्षांश बदलून मिळण्याची सोय कुठल्याच खात्यात नाही.

उंचीचा एक उपयोग मात्र आहे. दर हजार मीटरांमागे हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरांवर, म्हणजे आमच्यापेक्षा 2600 मीटरांहून थोडे अधिक वर. वजाबाकी 17 अंशांची. वैशाखात प्रतापनगर 42 असताना या हिशेबाने गुलमर्गात 25 हवेत. प्रत्यक्षात त्याहून कमी असतात, तो अक्षांशाचा व्याजाचा भाग. जानेवारीच्या पहाटेचे आमचे 12 घेतले तर उत्तर उणे 5 येते. हे गणित मी वहीत मांडून दाखवले तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "आणि कपडे कधी वाळायचे?" या आक्षेपाला अद्याप उत्तर मिळालेले नाही.

येथून आम्ही प्रबंधाच्या गाभ्याशी येतो, आणि आमच्या मते तो सर्वस्वी नवा आहे: गेजसाम्याचा सिद्धान्त.

प्रतापनगर आणि हिमालय यांचे नाते रक्ताचे नसले तरी रुळांचे आहे. खंडेराव गायकवाडांच्या काळात, 1862 साली, डभोई ते मियागाम हा अडीच फुटी रूळ पडला आणि त्यावरून गाड्या चालू लागल्या त्या बैलांनी ओढलेल्या. इंजिने 1873 साली आली. पुढे डभोईभोवती नॅरोगेजचे असे जाळे विणले गेले, की इकडची जुनी मंडळी अजूनही त्याचा उल्लेख घरच्या शेतीसारखा करतात. प्रतापनगर हे त्या जाळ्याचे बडोद्यातले टोक. आता डभोईकडे ब्रॉडगेज गेले, 2021 पासून थेट केवडियापर्यंत गाड्या सुटू लागल्या, आणि जुनी छोटी इंजिने रंगरंगोटी करून हेरिटेज पार्कात उभी आहेत. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. आता पाहा. 1903 साली सुरू झालेली कालका-सिमला गाडी कोणत्या रुळांवर चालते? 762. पठाणकोटहून कांगडा खोऱ्यात जोगिंदरनगरला जाणारी? तीही 762. दार्जिलिंग आणि माथेरान दोन फुटी, उटी मीटरगेज. ही तिन्ही स्थळे सगोत्र नाहीत म्हणून बाद. यावरून निष्पन्न होते की प्रतापनगरच्या माणसाचा स्वाभाविक हिमालय म्हणजे हिमाचल प्रदेश, अन्य कोणताही नव्हे.

प्रतिपक्षी म्हणेल, सिमल्याला स्कीइंग कुठे? तिथे 1920 पासूनचे बर्फावरचे स्केटिंगचे मैदान आहे, आणि पुढे नारकंड्याला उतार आहेत. प्रतिपक्षी असेही म्हणेल की रुळांची रुंदी पाहून घर कोण बदलते? त्याने एकदा रेल्वेच्या डीआरएम ऑफिसच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर येऊन उभे राहावे. याहून कमी कारणावरून माणसे बदली मागताना दिसतील.

गेजसाम्याला एक उपसिद्धान्त जोडावा लागतो, तो पासाचा. रेल्वेच्या घरात हिमालय जिथवर पास चालतो तिथवरच असतो. त्यापुढे नुसते डोंगर. या कसोटीवर मनाली उघडीच पडते, कारण चंदीगडपासून पुढे रात्रभर बस. औली त्याहून वाईट: ऋषिकेशला उतरायचे आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर न बघता काढायचा. ऋषिकेश-कर्णप्रयाग मार्गाचे बोगदे खोदणे चालू आहे, पण कर्णप्रयागही जोशीमठाच्या बरेच अलीकडे. उलट काश्मीर 6 जून 2025 पासून एकाएकी जवळ आले. बडोद्याहून कटऱ्यापर्यंत थेट गाडी आहेच. कटऱ्यापुढे आता चिनाबच्या पात्रावर 359 मीटर उंचावलेला पूल ओलांडून रूळ श्रीनगरपर्यंत जातात. रेल्वेच्या माणसाला हा पूल दाखवला की त्याच्या मुलांनी बर्फाचा हट्ट धरलेला असतो हे तो विसरतो. मीही विसरलो असतो. कन्येने आठवण करून दिली की तिला पूल बघायचा नाही, पुलापलीकडे जायचे आहे.

काश्मीरला बडोद्याचा जुना दाखलाही आहे. सयाजीराव महाराज 1903 साली काश्मीरच्या दौऱ्यावर गेले तेव्हा त्यांचे सेक्रेटरी म्हणून अरविंद घोष बरोबर होते. श्रीनगरच्या शंकराचार्य टेकडीवर अरविंदबाबूंना अनंत शून्याचा अनुभव आला, आणि 1906 साली त्यांनी बडोदे सोडले. कार्यकारणभाव मी जोडत नाही. पण नोकरदार माणसाला डोंगरावर नेताना वरिष्ठांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

गुलमर्गाची योग्यता वादातीत आहे. तिथे 1948 पासून लष्कराची स्की शाळा आहे, सरकारी स्कीइंग संस्था आहे आणि अफरवटच्या खांद्यावर 4000 मीटरांच्या अगदी जवळ नेऊन सोडणारा गोंडोला आहे. पण गुलमर्ग हे राहण्याचे गावच नाही. ती कुरणे, हॉटेले आणि बर्फ. भाजी, शाळा, दवाखाना पाहिजे तर 13 किलोमीटर खाली टंगमर्गला उतरायचे. औलीची तऱ्हा अशीच: वर उतार, खाली जोशीमठ. आणि जोशीमठातली घरे 2023 च्या जानेवारीत कशी तडकली, वर नेणारा चार किलोमीटरचा रोपवे कसा बंद झाला, हे सगळ्या देशाने पाहिले आहे. त्या गावच्या माणसांवर जे गुदरले त्याची थट्टा होऊ शकत नाही. तिथे आणखी एक बिऱ्हाड नेऊन टाकायचे नाही एवढेच ठरले.

राहिली मनाली. तिथे सोळंगचा उतार आहे, 1961 साली सुरू झालेली गिर्यारोहण संस्था आहे, अटल बोगदा आहे, आणि मुख्य म्हणजे माणसे बारा महिने राहतात. आजीने जागेचा विषय काढला. "भाड्याने कशाला? डभोईकडची जमीन काढू आणि तिकडे घेऊ थोडी." येथे कायद्याचा अडसर येतो. हिमाचलच्या 1972 च्या कूळ आणि जमीनसुधारणा कायद्याचे 118 वे कलम बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीवाचून जमीन घेऊ देत नाही, आणि शेतकरी म्हणजे हिमाचलात जमीन कसणारा. आजी संतापल्या. डभोईच्या कपाशीत त्यांचे सासरे जन्मभर उभे होते, आणि आता सरकार म्हणते तुम्ही शेतकरी नाही! उत्तराखंडानेही 2025 साली बहुतेक जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन बंद केली, हे ऐकून त्यांनी हिमालयाचा नाद सोडला आणि तूरडाळ निवडायला घेतली.

पंचांगाचा विचार आता थोडक्यात, कारण तो सर्वांत दुःखद आहे. स्कीइंगचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारी. बडोद्यात 14 जानेवारीला उत्तरायण, म्हणजे पतंगांचा सण. त्या दिवसांत गच्ची सोडून जायला आमच्या गल्लीतला कोणीही तयार नसतो. मांजा भरून ठेवलेला, उंधियूची ऑर्डर दिलेली. खुद्द वादीने इथे माघार घेतली: उत्तरायण झाल्यावर निघू, असे तिचे म्हणणे. मग फेब्रुवारी, आणि मार्चात बोर्ड. बर्फाने तरी वेळ पाळावी, तर 2025 साली पुरेसा बर्फ नाही म्हणून गुलमर्गचे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून काढून मार्चवर ढकलावे लागले. निसर्ग आता थेट परीक्षेच्या वेळापत्रकावर येऊन बसला आहे. दहावीच्या क्लासवाल्यांना हे कळले तर ते जाहिरातीत घालतील.

मामांचे मतही नोंदवले पाहिजे. मामा गेली कित्येक वर्षे घराबाहेर पडायला राजी नव्हते. स्थलांतराची चर्चा सुरू झाल्यापासून ते रोज येतात. "एवढ्या थंडीत औषध म्हणून थोडं काहीतरी लागतंच," असे ते डॉक्टरी गांभीर्याने सांगतात. 1960 साली स्थापना झाल्यापासून दारूबंदी असलेल्या राज्यात आयुष्य गेलेल्या गृहस्थाची हिमालयावरची निष्ठा समजण्यासारखी आहे. प्रमाण म्हणून मात्र ती ग्राह्य नाही.

आता या शास्त्रातले शिष्ट कोण, तर या खेळात नाव काढलेली माणसे. त्यांची चरित्रे पाहू लागलो आणि सगळा प्रबंध डळमळला. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला भारतातून एकटा गेलेला आरिफ खान: वडिलांचे गुलमर्गात स्कीच्या सामानाचे दुकान, पोराच्या पायात चौथ्या वर्षीच स्की. 2018 साली तुर्कस्तानात ब्राँझ मिळवून स्कीइंगमध्ये देशाला पहिले आंतरराष्ट्रीय पदक देणारी आंचल ठाकूर: मनालीजवळचीच. म्हणजे पंधराव्या वर्षी जाणारी मुलगी अकरा वर्षे लेट. शिवा केशवन हा खरा आपल्या कामाचा माणूस, कारण त्याचे आईवडील बाहेरून येऊन मनालीपाशी वशिष्ठ गावी स्थायिक झालेले, वडील केरळचे आणि आई इटलीची. खेळ ल्यूजचा, पण बर्फ तोच. सोळाव्या वर्षी नागानोचे ऑलिंपिक, आणि पुढे 2018 पर्यंत एकूण सहा. मी मोठ्या उत्साहाने ही हकिगत जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली. आईबाप डोंगरात राहायला गेले म्हणून मुलाचे कसे भले झाले, असा निष्कर्ष काढणार, तेवढ्यात कन्येने फोनवर बघून विचारले, "शाळा कुठली होती त्याची?"

शाळा सनावरची. बोर्डिंग.

"म्हणजे आईबाबा डोंगरात, आणि तो त्यांच्यापासून लांब."

यावर सभेत काही काळ फक्त पंख्याचा आवाज होता. विचार करता ध्यानात आले की रूळ, पास, कलम 118, कपडे वाळणे, मामांचे औषध, हे आतापर्यंतचे सगळे हेतू मोठ्यांचे होते. ज्या व्यक्तीसाठी गाव शोधायचे तिचा हेतू विचारायचाच राहिला होता. विचारला. तिने सांगितले की तिला कायमचे कुठेच राहायचे नाही. नवरात्रात गरब्याला ती इथेच असणार आणि उत्तरायणाला गच्चीवर. तिला फक्त दोन आठवडे उतार हवा आहे. सोळंगला तसा कोर्स असतो. बारावीच्या क्लासमधली एक ताई जाऊन आली आहे.

"आणि आम्ही?" सौभाग्यवती.

"तुम्ही कशाला येताय?"

तिने फॉर्म आधीच छापून आणला होता, बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडून, बेरीज-वजाबाकीच्या माझ्या वहीतच घडी घालून ठेवलेला. जन्मतारीख, रक्तगट, उंची, वजन, बुटाचे माप, डॉक्टरांचा दाखला. तिने सगळे रकाने स्वच्छ अक्षरात भरले होते. पालकाच्या सहीला जागा आहे. पालकाच्या बुटाचे माप विचारणारा रकाना कुठे दिसतो का, म्हणून मामांनी कागद मागे-पुढे उलटून पाहिला.