रिस्टोअर करून बघितलास का?

सहकारी बँका, पतसंस्था आणि साखर कारखाने जिथं दाटीनं आहेत, तिथं हा प्राणी सापडतोच. हुद्दा डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, तोंडी डीबीए. आईच्या लेखी ‘बँकेत कॉम्प्युटरवर असतो’ आणि भावकीच्या लेखी फुकटात प्रिंटर दुरुस्त करणारा. आमचा सांगलीचा दादा या जमातीचा अस्सल नमुना.

‘जेवलास का?’ विचारलं की हा उलट विचारतो, ‘बॅकअप घेतलास का?’ हो म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार, ‘आणि रिस्टोअर करून बघितलास का?’ समोरचा गप्प झाला की दादा त्याला सांगलीजवळच्या हरिपूरला नेतो. म्हणजे गोष्टीतून. तिथं हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी रीत, वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद गेली. ‘मूळ माल आणि राखीव माल एकाच पुरात भिजत असेल, तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत, पेव म्हणतात!’ हळदीच्या व्यापाऱ्याला हे चटकन पटतं. संचालकांना मात्र सर्व्हरच्याच खोलीतलं कपाट सोयीचं वाटतं.

कामाला बसला की हा पक्का सोवळ्यातला. डिलीट चालवायचं तर आधी तीच अट सिलेक्टला लावून किती ओळी येतात ते मोजणार. मग ट्रान्झॅक्शन सुरू करणार, व्हेअर आधी लिहिणार, डिलीट शेवटी. त्यानंतर शेजारच्या पोराला सगळं मोठ्यानं वाचायला लावणार आणि तोवर स्वतःचे दोन्ही हात काखेत. 31 मार्चच्या रात्री तर कीबोर्डाच्या हातभर अंतरात चहाचा कपसुद्धा येऊ देत नाही.

सोपा पासवर्ड दिसला की पेटतो. ओरॅकलमधल्या स्कॉट या सरावाच्या खात्याचा पासवर्ड होता टायगर, म्हणजे खऱ्या स्कॉटच्या घरच्या मांजराचं नाव. ‘जनावराच्या नावावर बँका चालवता काय रे?’

घरातही तेच. एका स्थळाच्या परिचयपत्रात पगाराचा रकाना कोरा होता. मामा म्हणाले, ‘म्हणजे काही कमवत नाही.’ दादा उसळला, ‘कोरं म्हणजे शून्य नव्हे, मामा! नल म्हणजे माहीत नाही. एक नल दुसऱ्या नलच्या बरोबरीचासुद्धा धरत नाहीत!’ मामांनी दुसरं स्थळ बघितलं. कॉडनं 1970 साली डेटाबेसच्या तक्त्यांचं शास्त्र मांडलं, तेव्हा त्यानं सांगली जिल्ह्यातले एकाच नावाचे पाटील पाहिले नव्हते, ही दादाची जुनी खंत.

याचा जोडीदार साताऱ्यात, सांगलीच्या वालचंद कॉलेजात एका बाकावरचा. अधूनमधून दोघं कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटतात. हा भडंग नेतो, तो कंदी पेढे. डेडलॉक म्हणजे काय, ते त्यांनी मला तिथंच दाखवलं. याला आधी पेढा हवा, त्याला आधी भडंग, आणि हातातला डबा कुणीच सोडेना. ‘अशा वेळी डेटाबेस एकाचा बळी देतो,’ दादा म्हणाला. बळी कुणाचा, यावर पाऊण तास गेला. पेढे मीच संपवले. निघताना घरच्या फोटोंच्या डिस्कची अदलाबदल: याची साताऱ्यात, त्याची सांगलीत.

2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. दादाचा तळमजला बुडाला. कॉम्प्युटर गेला, लग्नाचा अल्बम गेला. दादा मात्र पूर ओसरल्यावर चिखल उपसताना शीळ घालत होता. आठवड्यानं मित्र डिस्क घेऊन आला. अख्ख्या गल्लीदेखत ती लॅपटॉपला जोडली. डिस्कनं पासवर्ड मागितला. पासवर्ड डायरीत होता आणि डायरी खालच्या खणात.

‘डायरीचा बॅकअप?’ मित्रानं हळूच विचारलं.

दादानं तीनदा काहीतरी टाकून पाहिलं. कानशिलावर घाम. शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, ‘अहो, मोत्या टाकून बघा की. पुढं एक-दोन-तीन.’

पायरीवर झोपलेल्या मोत्यानं कान टवकारले. पडद्यावर अंतरपाट दिसायला लागला.