ही बाजू वर

आमच्या नाटे गावात कुणालाही तब्येतीचा सल्ला विचारावा, भाऊबंदकीतली तोड विचारावी. पण होडीला लाकूड कुठलं, हे विचारू नये. विचारलं की दिवेलागणीपर्यंत सुटका नाही.

मला जैतापूरच्या खाडीत गळ टाकून बसण्यापुरती होडी हवी होती. मुंबईच्या पुतण्याचा फोन आला, "काका, फळ्या पाईनच्याच घ्या. नॉर्वेवाले तेच वापरतात."

पोरगा खोटं बोलत नव्हता. नॉर्वेत बांधलेलं, पाईनच्या फळ्यांचं ११व्या शतकातलं एक जहाज डेन्मार्कला रोस्किल्डच्या संग्रहालयात आहे. तिकडच्या थंडीत झाड रडतखडत वाढतं, वलयं दाट पडतात, गाभ्यात राळ मुरते. असा बिनगाठीचा गाभा मिळाला तर सोनंच. आमच्या नशिबी येतो तो न्यूझीलंडचा, यंत्रांच्या खोक्यांतून. भराभर वाढलेला, वलयं रुंद, गाठी हव्या तेवढ्या.

तरी एक फळी आणलीच. तिच्यावर 'ही बाजू वर' असा बाण छापलेला होता. होडीत एवढं कळलं तरी पुष्कळ, असं मला वाटलं.

होडी बांधणाऱ्या मिस्त्रींनी फळी हुंगली, नख रुतवलं. वण उठला.

"अण्णा, ह्यातून काय आलेलं?"

"कॉम्प्रेसर."

"मग त्यालाच घाला परत."

मिस्त्रींचं दैवत साग. खाऱ्या पाण्यातली कीड बाकीची लाकडं आतून पोखरते. सागाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. मुंबईत १८१७ साली वाडियांनी बांधलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतेय. मात्र सागाचा भाव ऐकून मीच बुडायला आलो.

मग शेजारच्या काकूंच्या जुन्या फणसावर नजर गेली. काकूंनी थेट आज्ञापत्र काढलं! रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात बजावलंय: आंबा-फणस आरमाराच्या कामाचे खरे, पण रयतेनं लेकरांसारखे वाढवलेले; हात लावू नये. झाड अगदीच जीर्ण झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं.

"जीर्ण कुणी ठरवायचं?" मी विचारलं.

"झाडानं," काकू म्हणाल्या. "यंदा धरला नाही तर न्या."

यंदा तो बुंध्यापासून लगडलाय. मिस्त्री रोज येऊन बघतात आणि म्हणतात, "अण्णा, लाकूड एक नंबर आहे."