आप्पा, तुम्ही फक्त हो म्हणा

खानदेशात माजी आमदाराला कोणी मोडीत काढत नाही. त्याला कारण आहे. एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या, माजी आमदार प्रतिभाताई पाटील 1996 नंतर निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाल्या होत्या. 2004 मध्ये राज्यपाल म्हणून राजस्थानात गेल्या आणि 2007 मध्ये थेट राष्ट्रपती भवनात पोचल्या. पाठिंबा तरी कसा? रालोआत बसलेल्या शिवसेनेनेही रालोआचा पाठिंबा असलेल्या भैरोसिंह शेखावतांना नमस्कार करून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंनाच मतं दिली. तेव्हापासून जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक माजीच्या मागचे चार कार्यकर्ते आशेवर आहेत.

"आप्पा, तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी आम्ही पाहतो," हे शेवभाजीच्या ताटावर ठरतं. आप्पा रश्शात भाकरी कुस्करत राहतात. नाही म्हणत नाहीत, तेवढं पुरतं. रातोरात फ्लेक्स लागतो. आप्पांचा फोटो मधोमध, राष्ट्रपती भवन मागे जरा तिरकं.

अडचण किरकोळ आहे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत फ्लेक्स वाचणाऱ्याला मतच नसतं. जळगावचे 11 आणि धुळ्याचे 5 आमदार, प्रत्येकाच्या मताचं मूल्य 175. सगळे आप्पांच्या मागे उभे राहिले (एकमेकांशेजारी उभे राहतील का, हा वेगळा विषय) तरी बेरीज 2800. देशाची बेरीज 2022 मध्ये होती 10,86,431. शिवाय अर्जावर 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही खासदार-आमदारच. अनामत तेवढी आवाक्यातली, 15,000 रुपये. कार्यकर्त्यांनी ती कधीच जमवली. पण त्यातली अर्धी फ्लेक्सवाला घेऊन गेला.