बदली मंगरूळपीर: कॅथलिक कर्मचाऱ्यांसाठी काही सूचना

प्रस्तुत सूचना वसईहून किंवा गोव्याहून बदलीवर मंगरूळपीरला आलेल्या बँक, शाळा, दवाखाना वगैरे खात्यांतल्या कॅथलिक बंधुभगिनींसाठी आहेत. वसईत धर्म पाळायला फारसे कष्ट पडत नाहीत. घंटा वाजते, शेजारीण निघते, आपण तिच्यामागे निघतो. मंगरूळात दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांचं मंदिर आहे आणि तुम्ही आहात. पुढचा कारभार स्वतःच बघावा.

घरमालकीण काकू विचारतील, "कोन हाय जी तुम्ही?" त्यावर "ख्रिश्चन" म्हणून थांबावं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांतला फरक जिन्यात उभं राहून समजावू नये. तो वाद १५१७ पासून चालू आहे आणि काकूंचा कुकर गॅसवर आहे.

रविवारची मिस्सा हे पहिलं कर्तव्य. मंगरूळचा वाशीम जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो, म्हणजे कॅथेड्रल अमरावतीला. तिथे जाऊन आलं की रविवारही संपतो आणि माणूसही. अकोला त्या मानाने जवळ. अंथरुणात पडून मोबाइलवर मिस्सा पाहिली तर चालेल का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतोच. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे रोमने २००२ सालीच सांगून ठेवलं आहे. जीन्समधला, संगणकात रमणारा कार्लो अक्युटिस २०२५ साली संत झाला. तोही रोजच्या मिस्सेला देवळात जायचा. तेव्हा ती पळवाट बंद. खरोखरच जाता येत नसेल तर घरात कुटुंबासह प्रार्थना करावी, अशी शिफारस चर्चच्या कायद्यातच आहे. मात्र भारत-पाकिस्तान सामना हे खरोखरच न जमण्याचं कारण नव्हे.

कम्युनियनपूर्वी तासभर काही खायचं नाही. आपल्या आजीच्या तरुणपणी हा उपास मध्यरात्रीपासून असे. १९६४ साली तो एका तासावर आला. मंगरूळच्या बसस्टँडवर निर्धास्तपणे आलूबोंडा खावा. अकोला येईस्तोवर तास कधीच उलटून गेलेला असतो. या बाबतीत एसटीइतकी धर्मनिष्ठ संस्था दुसरी नाही.

खरी परीक्षा उपवासकाळात. २०२६ साली महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आली, राखेचा बुधवार १८ ला, आणि त्याच आठवड्यात रमजान लागला. म्हणजे वरच्या मजल्यावर शिवरात्र झालेली, समोरच्या घरात रोज्यांची तयारी सुरू आणि मध्ये तुम्ही, कपाळावर राख लावून अकोल्याहून परतलेले. "कोन्त्या महाराजांचा अंगारा हाय जी?" असं काकू अत्यंत आदराने विचारतील. ही गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्यांची राख आहे, हे सांगून पाहावं. काकू हात जोडतील आणि चिमूटभर मागतील.

उपासाचे नियम मात्र काकूंना सांगू नयेत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच सक्तीचे दिवस, तेही वयाची अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. मांस नाही, मासे चालतात. एवढं ऐकल्यावर समोरचे चाचा, जे पहाटेपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीत, ते तुमच्याकडे कनवाळूपणे बघतील. काकू उघडच बोलतील: "काहून जी, तीन खेप खाऊन उपास होते का? हे तं आमचं रोजचंच हाय!" यावर ईशज्ञानाच्या ग्रंथांत उत्तर आहे, पण ते साबुदाण्याची उसळ ताटात वाढली जात असताना सुचत नाही. उसळ खावी. पुढच्या उपासाच्या दिवशी काकूंच्या पहाऱ्यामुळे चहासुद्धा चोरून प्यावा लागेल. असा कडक उपास तुमच्याकडून वसईच्या कुठल्याही फादरला करवून घेता आला नसता.

कन्फेशन वर्षातून एकदा तरी करावं. धर्मगुरूने ऐकलेलं पाप बाहेर फोडलं तर त्याला धर्मबहिष्कृत करतात. चौकातल्या चहाच्या टपरीला असा कोणताही कायदा लागू नाही, म्हणून तिथे तपशील टाळावा.

संध्याकाळच्या वाचनासाठी फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' सोबत ठेवावं. गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट मराठी शिकला आणि १६१६ साली त्याने दहा हजारांहून अधिक ओव्या छापून दिल्या. ते मनातल्या मनात वाचण्यात मजा नाही, ओव्या मोठ्यानेच म्हणाव्यात. पण खिडकी लावून घ्यावी. लावली नाही तर तिसऱ्या दिवशी दारात केळी आणि नारळ येतील. "पारायन कधी बसलं? समाप्ती कधी हाय?" हे पारायण नाही, असं सांगायचा प्रयत्न करून बघावा. ओवी आहे, पुराण आहे, संध्याकाळी दिवा लावून वाचणं आहे. नाही म्हणायला आधार कुठे आहे?

सबब महाप्रसादाची तयारी ठेवावी. समाप्तीचा दिवस काकू ठरवतील आणि तो हमखास उपवासकाळातला, म्हणजे मांस वर्ज्य असलेला शुक्रवार निघेल. घाबरू नये. गल्ली मिळून रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी करेल; त्यात मांस नसतंच. चाचा रोजा सोडायला खजूर घेऊन येतील, त्यांना पहिल्या पंगतीत बसवावं. मग काकू तुपाची वाटी घेऊन फिरतील आणि नको म्हटलं तरी रोडग्यात ओततील. नको म्हणूच नये. वर्ज्य आहे ते मांस, दूधदुभतं नव्हे, असा खुलासा पोप पॉल सहावे यांनी १९६६ सालीच करून ठेवला आहे. वाटी परत आली तर पुन्हा घ्यावं.